जंगल वाढले म्हणजे नेमके काय वाढले?

भारतीय वन सर्वेक्षण ही डेहराडूनची केंद्रीय संस्था साधारणपणे दर दोन वर्षांनी देशाच्या वनस्थितीचा अहवाल प्रसिद्ध करते. अहवाल आला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ठरलेला मथळा दिसतो : देशातील जंगलात अमुक चौरस किलोमीटरची वाढ. त्याखाली जंगलांनी धरून ठेवलेल्या कार्बनचा आकडा असतो. कात्रण शाळेच्या फलकावर लागते, विद्यार्थी तो आकडा निबंधात उतरवतात आणि विषय तिथेच संपतो. या अहवालाकडे एक शास्त्रीय लेखन म्हणून पाहावे, त्यातील व्याख्या व पद्धती तपासाव्यात आणि आपल्या परिसरावर त्या लावून पाहाव्यात, असे फारसे घडत नाही. या लेखात आम्ही तसा प्रयत्न करणार आहोत.

पडताळणीसाठी आम्ही लेण्याद्रीच्या भोवतालचा मुलूख घेतला आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके या कामासाठी फार सोयीचे आहेत. पश्चिमेला नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर ही सह्याद्रीची धार. तिथे धो-धो पाऊस, सदाहरित व निमसदाहरित रान, देवराया आणि भातखाचरे. मधल्या पट्ट्यात उघड्या बोडक्या वाटणाऱ्या, गवताच्या डोंगररांगा. लेण्याद्रीचा डोंगर त्यांपैकीच एक. त्याच्या पायथ्याशी कुकडीचे खोरे आणि पूर्वेकडे नारायणगाव, ओतूरच्या बाजूला ऊस, द्राक्षे, टोमॅटो व कांद्याची बागायत. अर्ध्या दिवसाच्या एस. टी. प्रवासात इतके प्रकारचे भूमिवापर दाखवणारा मुलूख शोधून सापडणार नाही. इथे जी मोजपट्टी टिकेल तिच्यावर देशभर विश्वास टाकायला हरकत नाही.

अहवालाचे मोल

टीका करण्याआधी श्रेय दिले पाहिजे. १९८१ साली भारतीय वन सर्वेक्षणाची स्थापना झाली आणि १९८७ साली पहिला अहवाल निघाला. तोपर्यंत जंगल किती, या प्रश्नाचे उत्तर वनखात्याच्या दप्तरात होते. दप्तरात जी जमीन वन म्हणून नोंदलेली ती जंगल, मग तिच्यावर झाड असो वा नसो. उपग्रहाच्या प्रतिमांवरून प्रत्यक्ष हिरवे आच्छादन मोजायचे, तेही पुन्हा पुन्हा, आणि ते छापून लोकांपुढे ठेवायचे, ही फार मोठी झेप होती. इतकी वर्षे सातत्याने असे मोजमाप करणारे देश थोडे आहेत. आपल्या पद्धतीच्या मर्यादाही हा अहवाल स्वतःच नोंदवतो. अडचण अशी, की मर्यादा आतल्या पानांत राहतात आणि आकडे मथळ्यात येतात.

दोन शब्दांतील फरक आधी स्पष्ट करू. ‘नोंदलेले वनक्षेत्र’ म्हणजे सरकारी कागदोपत्री वन असलेली जमीन. ‘वनाच्छादन’ म्हणजे उपग्रहाला झाडांनी झाकलेली दिसणारी जमीन. वर्तमानपत्रे या दोहोंना सर्रास ‘वनक्षेत्र’ म्हणतात. वाढल्याची बातमी असते ती वनाच्छादनाची.

व्याख्येत काय बसते?

अहवालाची व्याख्या अशी आहे : किमान एक हेक्टर क्षेत्राच्या ज्या जमिनीवर झाडांचे छत्र दहा टक्के किंवा अधिक आहे ती सर्व जमीन वनाच्छादित. मालकी कोणाची, कायद्याने ती वन आहे की नाही, झाडे कोणत्या जातीची, हे पाहायचे नाही.

दहा टक्के म्हणजे किती, याचा अंदाज वर्गात सहज करता येतो. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्याचे दहा टक्के म्हणजे १,००० चौरस मीटर. आठ मीटर व्यासाचा पर्णसंभार असलेले झाड सुमारे ५० चौरस मीटर जमीन झाकते. म्हणजे अडीच एकरांत अशी वीस झाडे असली की ती जमीन वनाच्छादित ठरू शकते. आंब्याची बाग, निलगिरीची लागवड, बांबूचे बेट आणि भीमाशंकरचे रान ही सगळी या व्याख्येत बसतात.

व्याख्या इतकी सैल का ठेवली, यालाही कारण आहे. उपग्रहाला सातबारा दिसत नाही. त्याला दिसतो तो जमिनीवरून परत येणारा प्रकाश. अहवालासाठी गेली दोन दशके मुख्यतः ज्या प्रतिमा वापरल्या जातात त्यांचा एक ठिपका २३.५ मीटर लांब व तितकाच रुंद असतो. म्हणजे सुमारे साडेपाच गुंठे. या साडेपाच गुंठ्यांतून येणाऱ्या लाल, अवरक्त वगैरे प्रकाशाचे प्रमाण पाहून तिथे झाडोरा आहे की नाही ते ठरवायचे. एवढ्या माहितीवर आंबा आणि हिरडा वेगळा काढणे अवघड आहे, हे मान्य. पण ज्या मोजपट्टीला बाग आणि रान एकच दिसते, तिच्या आकड्याला बातमीत ‘जंगल’ म्हटले जाऊ नये, एवढी अपेक्षा गैर नाही.

या संदर्भात जुन्नरच्या लेण्यांतील एक शिलालेख आठवतो. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील या दानलेखात एका उपासकाने दिलेल्या जमिनींचा उल्लेख आहे : एके ठिकाणी करंजाशी निगडित वीस निवर्तने आणि दुसऱ्या ठिकाणी वडाशी निगडित नऊ निवर्तने. ही जमीन झाडे लावण्यासाठी दिली की झाडांपाशी असलेली जमीन दिली, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. निवर्तन म्हणजे नेमकी किती जमीन, याचीही वेगवेगळी मापे जुन्या ग्रंथांत सापडतात. मोजमापाच्या एककाची व्याख्या हरवली की आकडा शिल्लक राहूनही माहिती हरवते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. पण त्या लेखात झाडाची जात लिहिलेली आहे. आपल्या अहवालाच्या ठळक आकड्यात तेवढेही नसते.

व्याख्या आणि भिंग बदलले की जंगल कसे ‘वाढते’ याचा दाखला अहवालांच्याच इतिहासात आहे. १९८७ च्या अहवालात नकाशाचे प्रमाण दहा लाखांस एक होते आणि ४०० हेक्टरांहून लहान तुकडा दाखवता येत नव्हता. पुढे अडीच लाखांस एक हे प्रमाण आले व २५ हेक्टरांपर्यंतचे तुकडे दिसू लागले. २००१ साली संगणकाच्या साहाय्याने पन्नास हजारांस एक या प्रमाणावर काम झाले आणि मर्यादा एक हेक्टरवर आली. १९९९ च्या अहवालात देशाचे वनाच्छादन ६,३७,२९३ चौरस किलोमीटर होते, २००१ च्या अहवालात ते ६,७५,५३८ झाले. दोन वर्षांत ३८ हजार चौरस किलोमीटर जंगल उगवत नसते. चष्मा बदलला आणि आधी न दिसणारे लहान तुकडे दिसू लागले. काळानुसार बदल मोजायचा तर दोन्ही वेळा चष्मा एकच हवा, हा पहिला धडा.

ऊस, गवत आणि हिरडा

आता ही मोजपट्टी लेण्याद्रीच्या परिसरावर लावू.

पहिला नमुना उसाचा. अहवालासाठी प्रतिमा निवडल्या जातात त्या बहुतांशी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील. पावसाळी ढग गेलेले असतात आणि पानझडी झाडांची पाने अजून गळलेली नसतात, म्हणून हा काळ बरा. पण कुकडीच्या खोऱ्यात याच काळात ऊस पुरुषभर उंचीच्या वर गेलेला असतो. जंगलाला लागून असलेला ऊस किंवा कापूस आणि जंगलात माजलेली घाणेरी यांमुळे प्रकाशाच्या खुणा मिसळतात व सीमारेषा काढणे कठीण होते, असे अहवालच मर्यादांच्या यादीत सांगतो. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी गेल्या काही दशकांत या भागात ऊस आणला. त्या उसात बिबटे राहू लागले, पिले वाढवू लागले आणि जुन्नरचे नाव देशभर झाले. बिबट्याला आडोसा हवा असतो, तो उसात मिळतो. कार्बनच्या हिशेबाला मात्र आडोसा पुरत नाही. ऊस बारा ते अठरा महिन्यांत तुटतो, साखर पोटात जाते, चिपाड बॉयलरमध्ये जळते आणि हवेतून घेतलेला कार्बन बहुतांशी हवेत परततो. कणगीत धान्य किती शिल्लक आहे आणि वर्षभरात किती धान्य आले-गेले, हे जसे दोन वेगळे प्रश्न आहेत तसेच हे आहे. उसाची उलाढाल मोठी, शिल्लक नगण्य.

दुसरा नमुना गवताचा. लेण्याद्रीच्या डोंगराला, शिवनेरीच्या उतारांना किंवा पूर्वेकडच्या माळांना आपण सवयीने ‘उजाड’ म्हणतो. दहा टक्क्यांहून कमी छत्र असलेल्या जमिनीला अहवाल ‘झुडपी’ म्हणतो, आणि तेही नसले तर ती जमीन थेट ‘बिगरवन’ या रकान्यात जाते. हे शब्द वाचले की ही जमीन म्हणजे बिघडलेले जंगल आहे, असे मनात ठसते. ते नेहमीच खरे नसते. कमी पावसाच्या, पातळ मातीच्या या पट्ट्यात विखुरलेली झाडे असलेला गवताळ माळ हीच मूळ परिसंस्था असू शकते. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने वाचनीय आहे. तेराव्या ते विसाव्या शतकातील मराठी साहित्य व मौखिक परंपरा यांत आलेल्या रानवनस्पतींची त्यांनी छाननी केली. ४४ जाती सापडल्या आणि त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश गवताळ माळरानाच्या निदर्शक निघाल्या. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातील माळ हे अलीकडच्या जंगलतोडीचेच फळ आहे, हे गृहीत तपासून घ्यावे लागेल. गवताचा कार्बन मुख्यतः मुळांत व मातीत असतो. वरून पाहणाऱ्या उपग्रहाला तो दिसत नाही. डिसेंबरात तर ते गवत वाळून पिवळे झालेले असते.

तिसरा नमुना हिरड्याचा. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबांच्या बांधांवर आणि मालकी रानांत हिरड्याची जुनी झाडे आहेत. बाळहिरड्याची विक्री हा त्यांच्या वर्षाच्या रोकड उत्पन्नाचा महत्त्वाचा भाग असतो. याच भागात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याची पद्धत आहे. राबासाठी फांद्या छाटलेल्या झाडाचे खोड जाड असते, पण डोक्यावरचा पर्णसंभार लहान. उपग्रह ते झाड उणे करून पाहतो, कारण त्याला खोड दिसत नाही. उलट घाणेरीने भरलेला उतार हिरवागार दिसतो, पण त्यात लाकूड नाममात्र असते. छत्र आणि कार्बन यांचे नाते सरळ नाही, ते इथे उघड होते.

कार्बन मोजतात कसा?

जंगलाचा कार्बन पाच ठिकाणी असतो : जमिनीवरील खोड-फांद्या-पाने, जमिनीखालील मुळे, मेलेले लाकूड, पालापाचोळा आणि मातीतील सेंद्रिय कार्बन. हवामानबदलाच्या आंतरशासकीय समितीने ही विभागणी ठरवून दिली आहे आणि अहवाल ती पाळतो. प्रत्येक झाड मोजणे शक्य नसल्याने जंगलाचे प्रकार व घनता यांनुसार वर्ग पाडतात, प्रत्येक वर्गातील काही नमुना-तुकड्यांत झाडांचे घेर, उंची, जाती, पालापाचोळा आणि माती मोजतात, त्यावरून दर हेक्टरी सरासरी काढतात आणि उपग्रहाने दिलेल्या क्षेत्रफळाशी गुणतात.

एका झाडाचा हिशेब करून पाहू. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, एका झाडाचा घेर १५७ सेंटिमीटर भरला. तर व्यास ५० सेंटिमीटर आणि खोडाच्या छेदाचे क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मीटर. खोडाची उंची १२ मीटर धरू. खोड वर निमुळते होत जाते, म्हणून गुणाकाराचा साधारण निम्मा भाग घेऊ : सुमारे १.१८ घनमीटर लाकूड. वाळलेल्या लाकडाचे वजन घनमीटरला ०.७ टन धरले तर ०.८२ टन. कोरड्या लाकडात कार्बनचे प्रमाण सुमारे ४७ टक्के असते. म्हणजे ०.३९ टन कार्बन. हवेतील कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत सांगायचे तर ४४ भागिले १२ ने गुणायचे : सुमारे १.४ टन. फांद्या निराळ्या, आणि मुळांसाठी जमिनीवरील भागाच्या साधारण पाव हिस्सा वाढवून धरतात.

या हिशेबात किती ठिकाणी ‘धरू’ हा शब्द आला ते पाहावे. घेर दहा टक्क्यांनी चुकला तर क्षेत्रफळ, आणि म्हणून कार्बन, २१ टक्क्यांनी चुकतो. जात ओळखता आली नाही तर लाकडाची घनता चुकते. ही एका झाडाची गोष्ट झाली. २०२१ च्या अहवालाने देशाच्या जंगलांचा कार्बन ७२०.४ कोटी टन सांगितला. त्याला वनाच्छादनाने भागले तर हेक्टरी सुमारे १०१ टन येतात. त्यांतील सुमारे ५६ टक्के कार्बन मातीतला आहे. म्हणजे अर्ध्याहून अधिक साठा अशा जागी आहे जिथे उपग्रह पाहू शकत नाही आणि जिथली माहिती सर्वस्वी खड्डे खणून घेतलेल्या नमुन्यांवर अवलंबून असते.

सरासरीचा आणखी एक परिणाम होतो. आहुपे परिसरातील देवराईत शतकानुशतके कुऱ्हाड न लागलेले प्रचंड वृक्ष आहेत. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांच्या नोंदी केल्या, तेव्हापासून या ठेव्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. त्या देवराईचे छत्र ७० टक्क्यांहून अधिक, म्हणून ती ‘अतिदाट’. शेजारी वीस-तीस वर्षांत फुटव्यांतून वाढलेल्या बारीक खोडांच्या रानाचे छत्रही ७० टक्के भरले, तर तेही ‘अतिदाट’. वनप्रकार एकच असेल तर दोघांना हेक्टरी कार्बन एकच मिळतो. जिल्ह्याच्या तक्त्यात तर सारेच मिसळते. १५,६४३ चौरस किलोमीटरच्या पुणे जिल्ह्याची एक ओळ. तीत भीमाशंकरचे रान, इंदापूरचे माळ आणि पिंपरी-चिंचवडच्या बागा एकत्र.

वजाबाकीतील गोम

अहवालाविषयी आमचा मुख्य आक्षेप बदलाच्या आकड्यांबद्दल आहे.

२०१९ आणि २०२१ या अहवालांच्या दरम्यान देशाचे वनाच्छादन १,५४० चौरस किलोमीटरने वाढले असे जाहीर झाले. हा निव्वळ आकडा आहे. आतील फोड अशी : अतिदाट जंगल ५०१ ने वाढले, विरळ २,६२१ ने वाढले आणि मध्यम दाट १,५८२ ने घटले. शिवाय या वाढीपैकी नोंदलेल्या वनक्षेत्राच्या आत केवळ ३१ चौरस किलोमीटर वाढ होती. उरलेली १,५०९ त्याच्या बाहेर, म्हणजे बागा, खाजगी लागवड, शेतबांध अशा जागी. मथळ्यातील ‘जंगलात वाढ’ आणि ही फोड शेजारी ठेवली की चित्र पालटते.

ही वाढ एकूणाच्या ०.२२ टक्के आहे. याच अहवालाने वन व बिगरवन ओळखण्याची अचूकता ९५.७९ टक्के सांगितली आहे. म्हणजे शंभरांतील चार ठिकाणी ओळख चुकू शकते. आता, चार टक्के चूक म्हणजे वाढीचा आकडा खोटा, असे म्हणणे बरोबर नाही. दोन्ही वेळा तीच चूक झाली तर वजाबाकीत ती निघून जाते. पण किती चुका निघून जातात व किती उरतात, हे सांगितल्याशिवाय ०.२२ टक्क्यांच्या वाढीवर कितपत विसंबावे ते वाचकाला ठरवता येत नाही. भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीत आपण विद्यार्थ्याला उत्तरापुढे ‘अधिक-उणे’ लिहायला लावतो. ठळक तक्त्यांत ते दिसायला हवे.

डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०२३ च्या अहवालात आणखी एक कोडे आहे. वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर. आधीचा आकडा ७,१३,७८९. विद्यार्थ्याने वजाबाकी केली तर १,५५४ येतात. अहवाल मात्र वाढ सांगतो १५६. कारण मधल्या काळात जुन्या आकड्याची दुरुस्ती झाली. दुरुस्ती करणे हे चांगल्या विज्ञानाचे लक्षण आहे, त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण मग कार्बनकडे पाहावे. नवा साठा ७२८.५५ कोटी टन, आधीचा ७२०.४ कोटी टन, वाढ ८.१५ कोटी टन. ही साधी वजाबाकी आहे. क्षेत्रफळाची तुलना दुरुस्त पायाशी आणि कार्बनची मूळ पायाशी, असे हे दिसते. क्षेत्रफळ ०.०२ टक्के वाढले आणि कार्बन १.१ टक्का वाढला, तर हा कार्बन झाडे जाड झाल्याने आला, विरळ रान दाट झाल्याने आला, की नमुन्यांच्या सरासऱ्या बदलल्याने आला? ही वाटणी ठळक निष्कर्षांत हवी होती. भारताने २०३० पर्यंत जंगल व वृक्षांद्वारे कार्बन डायऑक्साइडचा जादा साठा २५० ते ३०० कोटी टनांनी वाढवण्याचे वचन जगाला दिले आहे. ज्या मोजपट्टीवर वचनपूर्ती ठरणार तिचे गणित सर्वांना उलगडता आले पाहिजे.

सह्याद्रीचे उदाहरण याच अहवालात आहे. पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात दहा वर्षांत वनाच्छादन ५८ चौरस किलोमीटरने घटले. आकडा किरकोळ वाटतो. पण आत पाहिले तर अतिदाट ३,४६५ ने वाढले, मध्यम दाट १,०४३ ने आणि विरळ २,४८० ने घटले. जवळजवळ सात हजार चौरस किलोमीटरची उलथापालथ ५८ या आकड्यामागे दडली आहे. विरळ रानाचे दाट रान झाले की विरळ रान घरे-रस्त्यांखाली गेले आणि दुसरीकडे दाट वाढले, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.

इतके काटेकोर कशासाठी?

कोणी म्हणेल, हा आकड्यांचा कीस कशाला? उत्तर जमिनीवर आहे.

ज्या जमिनीला आपण ‘उजाड’ लिहितो तिथे झाडे लावण्याची घाई होते. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी आणि तेहतीस कोटी अशी चढत्या उद्दिष्टांची वृक्षलागवड मोहीम झाली. शाळांनीही त्यात खड्डे खणले. गवताळ उतारावर चर खणून गिरिपुष्पासारखी परकी झाडे लावली की छत्राचा आकडा वाढतो. पण मेंढपाळाची चराई जाते, माळावरचे पक्षी-प्राणी जातात आणि उकरलेल्या मातीतला कार्बनही काही अंशी हवेत जातो. अहवालाच्या वहीत ती जमा दिसते. खर्चाचा रकाना तिथे नाही.

दुसरे उदाहरण दुःखद आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. कारणांची चर्चा पुष्कळ झाली : अतिवृष्टी, उताराची ठिसूळ माती, झाडतोड, यंत्रांनी केलेले जमीन-सपाटीकरण. त्यांपैकी कोणाचा वाटा किती, हा तज्ज्ञांचा विषय. आमचा मुद्दा एवढाच, की उतारावरील भूमिवापराचे बारीक बदल, म्हणजे इथे एक खाचर वाढले, तिथे चार झाडे गेली, पाण्याची वाट वळली, हे साडेपाच गुंठ्यांच्या ठिपक्यात आणि जिल्ह्याच्या एका ओळीत मावत नाहीत. त्यांची नोंद गावपातळीवरच होऊ शकते.

तिसरे, हिरड्याचे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या भागातील हिरड्याच्या झाडांचे मोठे नुकसान केले आणि भरपाईचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. डोंगरउतारावरची काही मोठी झाडे पडली तरी छत्र त्याच वर्गात राहते, तेव्हा राष्ट्रीय अहवालात काहीच घडलेले नसते. त्या कुटुंबाच्या दृष्टीने पिढ्यांची ठेव गेलेली असते.

काय व्हावे, काय करता येईल

अहवालाकडून आमच्या अपेक्षा चार आहेत. बाग व लागवड वेगळी दाखवावी. प्रिया दविदार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली लागवडीचा अंदाज वजा करून पाहिला, तेव्हा वाढत्या वनाच्छादनाआड देशी जंगल वर्षाला दीड ते पावणेतीन टक्क्यांनी घटत असल्याचा निष्कर्ष निघाला. त्यांच्या अंदाजावर वाद होऊ शकतो, पण तो मिटवण्याचा मार्ग वेगळी मोजणी हाच आहे. गवताळ माळाला त्याचे नाव व स्वतंत्र रकाना द्यावा. बदलाच्या प्रत्येक आकड्यापुढे अधिक-उणे लिहावे. आणि गाववार नकाशे शाळांना व ग्रामपंचायतींना सहज मिळावेत, म्हणजे चूक असेल तर ती दाखवून देणारे डोळे लाखोंनी मिळतील.

शाळांना थांबून राहण्याचे कारण नाही. सुमारे ३१.६ मीटर बाजूचा चौरस आखला की ०.१ हेक्टरचा तुकडा होतो. शाळेजवळच्या रानात, माळावर आणि बागेत असा एकेक तुकडा निवडावा. वनजमीन असेल तर वनखात्याची परवानगी घ्यावी. प्रत्येक झाडाचे गावातील नाव, १.३७ मीटरवरचा घेर आणि छाटणीची स्थिती लिहावी. घेराच्या जागी रंगाची खूण करावी, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच जागी टेप लागेल. दोन गटांनी एकमेकांना न विचारता मोजावे. दोघांच्या उत्तरांतील फरक हेच आपले अधिक-उणे. झाड नसलेल्या तुकड्याचीही नोंद तेवढ्याच आदराने करावी : गवताच्या जाती किती, जनावरे कोणाची येतात, वणवा केव्हा लागला. गावातील वयस्क मंडळींना जुना भूमिवापर विचारून तारखेसह लिहून ठेवावा. वही शाळेच्या कपाटात राहावी आणि दरवर्षी नव्या वर्गाकडे जावी.

पाच वर्षांनी अशा वहीत पाच ओळी होतील आणि बदल दिसू लागेल. त्या वेळी वनस्थितीचा जो नवा अहवाल निघेल, त्यातील जिल्ह्याची ओळ आणि शाळेची वही विद्यार्थ्यांपुढे शेजारी शेजारी ठेवावी. दोन्ही जुळल्या नाहीत तर कोणती चुकली, हे शोधण्यासाठी पुन्हा त्या तुकड्यावर टेप घेऊन जावे लागेल.